अंगणातील पिल्ले : घरट्यापासून पहिल्या भरारीपर्यंत

वर्धा जिल्ह्यात मे महिन्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात पोहोचतो. वणा नदीकाठी वसलेल्या हिंगणघाटात दुपारी रस्ते ओस पडतात आणि कापसाच्या व धान्याच्या गाड्यांनी एरवी गजबजणारे हे व्यापाराचे गाव काही तास निपचित होते. माणसांचे व्यवहार असे मंदावलेले असताना घरामागच्या परसात मात्र अखंड लगबग चाललेली असते. जास्वंदीच्या झुडपात बुलबुल, मीटरच्या पेटीमागे चिमणी, लिंबाच्या पानाआड शिंपी आणि भिंतीच्या भोकात साळुंकी आपापली पिल्ले वाढवीत असतात.

याच आठवड्यांत माणसांचीही काही कामे उरकायची असतात. पावसापूर्वी कवेलू फेरले जातात, वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, शाळांच्या व कार्यालयांच्या इमारतींची डागडुजी होते. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात. त्यामुळे मुलेही दिवसभर घरीच असतात. अशा वेळी अंगणात एखादे धड उडता न येणारे पिल्लू सापडते. मुले ते कौतुकाने उचलतात, खोक्यात ठेवतात, दुधात भिजवलेली पोळी भरवितात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मरते. हेतू दयेचा असतो, परिणाम मात्र उलटा होतो. यापैकी पुष्कळशी पिल्ले पोरकी नसतातच. त्यांचे आईबाप जवळच्याच फांदीवर चोचीत अळी धरून माणूस दूर जाण्याची वाट पाहत असतात. हे ओळखावयाचे तर घरटे बांधल्यापासून पिल्लू स्वतंत्र होईपर्यंतचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

परसातील शेजारी

अंगणातील पक्ष्यांचे त्यांच्या घरट्यांवरून ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट भोकात किंवा खबदाडीत घरटे करणाऱ्यांचा. चिमणी, साळुंकी, दयाळ व पिंगळा हे यातील ठळक पक्षी होत. जुन्या माती-विटांच्या भिंती, लाकडी आढी, कवेलूंमधील फटी आणि जुन्या झाडांच्या ढोली हे त्यांचे आश्रयस्थान. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती व सपाट छते आल्यापासून अशा जागा कमी झाल्या आहेत. चिमणी आता विजेच्या मीटरमागे, दुकानाच्या गुंडाळणाऱ्या दारात वा नळीच्या तोंडात संसार थाटते, याचे कारण हेच.

दुसरा गट उघड्या वाटीसारखे घरटे करणाऱ्यांचा. लालबुड्या बुलबुल माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरही काड्यांची व मुळांची सुबक वाटी विणतो. होल्याचे घरटे म्हणजे चार काड्यांचा विरळ माचा. खालून पाहिल्यास अंडीदेखील दिसावीत इतका विरळ. सातभाई मात्र थव्याने राहतात आणि पिल्लांना भरविण्याच्या कामी थव्यातील इतर पक्षीही हातभार लावतात.

तिसरा गट कसबी कारागिरांचा. सूर्यपक्ष्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने साली, पाने व कचरा एकत्र बांधून लोंबती थैली तयार करते. शिंपी पक्षी पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून धागा ओढतो. धाग्याचे टोक बाहेर फुलून बसते व टाका निसटत नाही. यासाठी तो कोळ्याचे रेशीम, वनस्पतींचे तंतू व कापूस वापरतो. ज्या गावाच्या नावाने एकोणिसाव्या शतकात लांब धाग्याचा उत्तम कापूस ओळखला जात असे, त्या हिंगणघाटात या शिंप्याला धाग्याची वाण पडण्याचे कारण नाही. गाडीतून उडालेला, कुंपणाला अडकलेला कापूस त्याच्या घरट्याची शिवण होतो आणि गादीही.

एका महिन्याचा संसार

पक्ष्यांच्या प्रजननाचा काळ पिल्लांच्या अन्नाशी निगडित असतो. चिमणीची वीण जवळजवळ वर्षभर चालते. बुलबुल फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, तर दयाळ व साळुंकी उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या प्रारंभी घरटी करतात. शिंप्याची घरटी पावसाळ्यात अधिक आढळतात आणि सुगरण तर गवताचे हिरवे पाते मिळेपर्यंत विणकामाला हातच घालीत नाही.

काळ निरनिराळा असला तरी लहान पक्ष्यांच्या संसाराची मुदत सर्वसाधारणपणे सारखीच असते. बुलबुल दोन ते तीन अंडी घालतो. सुमारे दोन आठवड्यांत ती उबतात आणि पिल्ले आणखी नऊ ते बारा दिवसांत घरटे सोडतात. चिमणी तीन ते पाच अंडी घालते. अकरा ते चौदा दिवसांत अंडी फुटतात व पुढील सुमारे दोन आठवडे पिल्ले घरट्यात असतात. सुरक्षित भोकात राहणाऱ्या साळुंकीची पिल्ले मात्र तीन आठवड्यांहून अधिक काळ आत राहतात. घरटे उघडे असेल तर घाई आणि बंदिस्त असेल तर सवड, असा हा निसर्गाचा हिशेब आहे. सारांश, पहिल्या काडीपासून शेवटचे पिल्लू बाहेर पडेपर्यंत बुलबुलाला साधारणतः एक महिना पुरतो. हा महिना मनात धरून ठेवावा. पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यातून होतो.

अंड्यातून निघालेले पिल्लू उघडे व आंधळे असते. कोंबडीचे पिल्लू पहिल्याच दिवशी आईमागे धावते. चिमणीच्या पिल्लाला मान सावरणेही कठीण असते. जन्मतः त्याचे वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम असते. दोन आठवड्यांत ते आठ ते दहा पट होते. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडू लागतात. त्यानंतर त्वचेतून पिसांचे कोंब काट्यांसारखे बाहेर येतात व टोकाशी फुटून पिसे पसरतात. या काळात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. रात्री आई त्यांच्यावर बसते. भर दुपारी तीच पंख अर्धवट पसरून त्यांच्यावर सावली धरते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे सावली धरणे ऊब देण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. म्हणूनच उन्हाच्या वेळी घरट्याजवळ माणसे रेंगाळल्यामुळे आई अर्धा तास दूर राहिली, तर तेवढ्यानेही पिल्ले दगावू शकतात.

घरट्याची स्वच्छता हा निरीक्षकाला चकित करणारा भाग होय. अनेक पक्ष्यांच्या पिल्लांची विष्ठा पातळ आवरणाच्या पिशवीत बाहेर येते. आईबाप ती चोचीने उचलून दूर नेऊन टाकतात. त्यामुळे घरटे कोरडे राहते आणि वासाने वा पांढऱ्या डागांनी शत्रूला सुगावा लागत नाही.

दाणे नव्हे, अळ्या

चिमणी दाणे टिपते आणि सूर्यपक्षी फुलातील मध पितो, ही माहिती खरी असली तरी अपुरी आहे. पिल्लांच्या स्नायूंना व पिसांना प्रथिने हवी असतात आणि ती दाण्यांतून वा मधातून पुरेशी मिळत नाहीत. म्हणून चिमणी सुरुवातीचे दिवस पिल्लांना मुख्यतः अळ्या व मऊ किडे भरविते. सूर्यपक्षीही कोळी व बारीक कीटक शोधतो. बुलबुल किड्यांच्या जोडीला मऊ फळे देतो. होल्याची तऱ्हा निराळी. तो आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा पौष्टिक स्राव पिल्लांना पाजतो.

सकाळी उजाडल्यापासून सायंकाळपर्यंत एका जोडप्याच्या शेकडो फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एखादी तरी अळी परसातून वा लगतच्या शेतातून उचलली जाते. साळुंकीच्या शास्त्रीय नावातील पहिल्या शब्दाचा अर्थच टोळांची शिकार करणारा असा आहे. अठराव्या शतकात मॉरिशस बेटावर टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या होत्या. पुढे अशा अनेक ठिकाणी साळुंकी स्थानिक पक्ष्यांना उपद्रवी ठरली. परक्या भूमीवर नेलेला पक्षी आणि स्वतःच्या भूमीवरील पक्षी यांतील फरक या उदाहरणावरून ध्यानात येतो.

हिंगणघाट परिसरात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके आहेत. कीटकनाशकांची फवारणी प्रमाणाबाहेर किंवा गरज नसताना झाली, तर दोन प्रकारे हानी होते. विषारी अळी पिल्लाच्या पोटात जाते. आणि अळीच उरली नाही, तर पिल्लू उपाशी राहते. घराभोवतीच्या फुलझाडांवर व भाजीच्या वाफ्यांवर औषध मारण्यापूर्वी जवळपास घरटे आहे किंवा कसे, हे पाहून घेणे त्यामुळे उपयुक्त ठरते. पिल्ले असलेल्या परसात काही दिवस थोडी पाने खाल्लेली दिसली, तर ते नुकसान सोसण्याजोगे असते.

घरटे सोडण्याचा दिवस

घरटे हे पक्ष्याचे कायमचे घर आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते पाळण्यासारखे असते. काम संपताच सोडून दिले जाते. शिवाय हा पाळणा धोक्याचा असतो. पिल्ले मोठी होऊ लागली की त्यांचा आवाज वाढतो, आईबापांच्या फेऱ्या वाढतात आणि कावळा, भारद्वाज, शिक्रा, सरडा, मुंगूस, धामण व मांजर यांपैकी कोणाचे तरी लक्ष तिकडे जाते. एकदा शत्रूला ठिकाण कळले की सर्व पिल्ले एकाच वेळी जातात. उष्ण प्रदेशांत उघड्या घरट्यांपैकी निम्म्याहून अधिक घरटी पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच नष्ट झाल्याचे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे.

यावर पक्ष्यांनी काढलेला उपाय म्हणजे लवकर पांगणे. पंखांत पुरेसे बळ येण्यापूर्वीच पिल्ले घरटे सोडतात आणि निरनिराळ्या झुडपांत विखरून बसतात. एक सापडले तरी बाकीची वाचतात. त्या दिवशी आईबापांचे वागणेही बदललेले दिसते. ते घरट्यात येऊन भरविण्याऐवजी थोड्या अंतरावर चोचीत भक्ष्य धरून बसतात व आवाज देतात. भुकेलेले पिल्लू काठावर येते, पंख फडफडविते, मागे सरते, पुन्हा काठावर येते आणि अखेर झेप घेते. ही झेप पुष्कळदा जमिनीवरच संपते.

येथून पुढचा काळ पिल्लाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा असतो. शेपूट आखूड, चोचीच्या कडा पिवळसर, अंगावर पिसे असलेले हे पिल्लू टुणटुण उड्या मारते, फांदीवर चढते, पुन्हा खाली येते. आईबाप त्याला आवाजावरून शोधून आणखी आठवडा-दोन आठवडे भरवितात. चिमणीच्या बाबतीत मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागली, तर बाहेर पडलेल्या पिल्लांचा भार पुष्कळदा नर उचलतो. काय खावे, कोणाला भ्यावे आणि कोठे लपावे, हे पिल्लू याच दिवसांत शिकते. खोक्यात वाढविलेल्या पिल्लाला हे शिक्षण कोणीही देऊ शकत नाही.

पिल्लू जमिनीवर दिसल्यास

अशा वेळी प्रथम पिल्लाची पिसे पाहावीत. अंग पिसांनी झाकलेले असेल आणि ते उड्या मारीत असेल, तर ते घरटे सोडलेले पिल्लू होय. त्याला तेथेच राहू द्यावे. रस्त्यावर वा उघड्यावर असेल तर हलकेच उचलून जवळच्या झुडपात किंवा कमी उंचीच्या फांदीवर ठेवावे आणि दूर जावे. मांजर-कुत्र्याला काही तास अडवून ठेवणे ही त्या पिल्लाला करता येण्याजोगी सर्वांत मोठी मदत आहे. पिल्लू उघडे किंवा काटेरी कोंबांचे असेल, तर ते वेळेपूर्वी पडलेले आहे. त्याला शक्य असल्यास त्याच्याच घरट्यात परत ठेवावे. घरटे मोडून पडले असेल, तर तळाला भोके असलेली लहान टोपली गवत घालून त्याच जागी, सावलीत बांधावी. आईबाप बहुधा तेथे येऊन भरवू लागतात.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज फार रूढ आहे. अंगणातील हे लहान पक्षी आपली पिल्ले मुख्यतः जागेवरून व आवाजावरून ओळखतात. मानवी स्पर्शाच्या वासाने ती टाकून देत नाहीत. मात्र घरटे बांधत असताना किंवा अंडी घालत असताना वारंवार त्रास दिला, तर ते घरटे सोडून देतात, हे तितकेच खरे आहे. म्हणजे स्पर्शापेक्षा त्रास घातक असतो.

पिल्लाच्या चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. त्याला लागणारे पाणी त्याच्या भक्ष्यातूनच मिळत असते. पिल्लू जखमी असेल अथवा मांजराचा दात लागला असेल, तर मात्र विलंब न करता वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर कळवावे किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. पिंजऱ्यात ठेवून पाळण्याचा मोह टाळावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्षी पकडणे, तसेच त्यांची अंडी वा घरटी यांची हानी करणे यांचाही समावेश आहे.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे किंवा सातभाईच्या घरट्यात पावशाचे पिल्लू वाढताना दिसले, तरी ते काढून टाकू नये. आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालणाऱ्या पक्ष्यांची ती निसर्गसिद्ध रीत आहे.

निरीक्षणाचा वारसा

घराजवळच्या घरट्याकडे लक्षपूर्वक पाहण्यातून केवढे ज्ञान हाती येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना त्यांनी घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी ती पाहून पसंत करते, त्यानंतर घरटे पुरे होते, आणि ती अंडी उबवू लागताच नर दुसऱ्या मादीसाठी पुढचे घरटे विणावयास घेतो, हा क्रम त्यांनी उलगडून दाखविला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी महागडी उपकरणे लागली नव्हती. चिकाटी व नोंदवही पुरेशी ठरली.

हाच वारसा विदर्भाच्या जंगलांत अनेक वर्षे सेवा केलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. त्यांची ५ नोव्हेंबर ही जन्मतारीख आणि सालिम अली यांची १२ नोव्हेंबर ही जन्मतारीख यांमधील आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. चिमणीसाठी जगभर पाळला जाणारा २० मार्च हा दिवसही नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून सुरू झाला.

शाळांना या कामात मोठा वाटा उचलता येईल. प्रत्येक शाळेने घरट्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत पक्ष्याचे नाव, घरट्याची जागा, बांधणीस आरंभ, पहिले अंडे दिसल्याचा वा पक्षी उबवावयास बसल्याचा दिवस, पिल्लांचा आवाज प्रथम ऐकू आल्याचा दिवस, पिल्ले बाहेर पडल्याचा दिवस आणि घरटे फसले असल्यास त्याचे कारण, एवढे रकाने पुरेत. निरीक्षण पाच-सहा मीटर अंतरावरून, सकाळी व सायंकाळी दहा-पंधरा मिनिटे करावे. फांद्या वाकवू नयेत, प्रखर प्रकाश टाकून छायाचित्रे घेऊ नयेत. कावळा पाहत असेल तेव्हा घरट्याकडे मुळीच जाऊ नये; माणूस कोठे थांबतो हे तो चांगले हेरतो. पिल्लांना पिसे फुटल्यानंतर तर अधिकच अंतर ठेवावे, कारण जवळ गेल्यास ती घाबरून वेळेपूर्वी उडी घेतात. उन्हाळी सुटीत मुलांनी आपापल्या परसातील नोंदी ठेवाव्यात व शाळा उघडल्यावर त्या एकत्र कराव्यात. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींतून गावातील कोणता पक्षी कोठे टिकून आहे, हे गावालाच सांगता येईल.

संस्थांनी काय करावे

ग्रामपंचायती, नगरपरिषदा व शासकीय कार्यालये यांच्या दृष्टीने आरंभी सांगितलेला एक महिना सर्वांत महत्त्वाचा आहे. वीजतारांना लागणाऱ्या वा धोकादायक झालेल्या फांद्या तोडाव्याच लागतात. परंतु परसातील बहुतेक लहान पक्ष्यांची घरटी हिवाळ्यात रिकामी असतात. छाटणीचे नियोजित काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरकल्यास दोन्ही गोष्टी साधतात. उन्हाळ्यात छाटणी अटळ असेल, तर मजुरांनी प्रथम झाड पाहून घ्यावे आणि घरटे असलेली एखादी फांदी, तातडीचा धोका नसल्यास, तीन-चार आठवडे राहू द्यावी. भिंतींची भोके बुजविणे, मीटरच्या पेट्या बदलणे व छताची दुरुस्ती यांनाही हीच दृष्टी लावता येईल.

चिमण्यांसाठी लाकडी पेट्या लावावयाच्या असल्यास भोक सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे ठेवावे. त्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, मांजर पोहोचणार नाही अशा जागी, उत्तर वा पूर्वेच्या भिंतीवर सावलीत असावी. उघड्या पत्र्याखाली ती टांगू नये. मे महिन्यात पत्र्याखालील पिल्ले उष्णतेने होरपळतात. पाण्यासाठी मातीचे उथळ परळ सावलीत ठेवून त्यातील पाणी रोज बदलावे. परसात जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, शेवगा, मेंदी यांसारखी झाडे-झुडपे असतील, तर कोणतीही पेटी न लावताही बुलबुल व शिंपी आपण होऊन येतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोक जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. शाळेच्या घरट्यांच्या नोंदी या नोंदवहीला जोडल्यास मुलांच्या निरीक्षणाला गावाच्या दप्तरात स्थान मिळेल आणि नोंदवहीही जिवंत राहील.

पक्ष्यांचे हे संगोपन माणसाकडून फार थोड्या गोष्टींची अपेक्षा करते. त्यांना भरविणे, त्यांना वाढविणे किंवा उडावयास शिकविणे हे आपले काम नाही. ते आईबाप चोख करतात. फांदीवरची कुऱ्हाड महिनाभर थांबविणे, औषधाचा पंप काही दिवस बाजूला ठेवणे, मांजराला घडीभर अडविणे आणि जमिनीवर बसलेल्या पिल्लाकडे पाहून हात मागे घेणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. पंखांत बळ येईपर्यंत लागणारी ही थोडी सवड प्रत्येक घराने, शाळेने व कार्यालयाने दिली, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच परसात काड्या वेचणाऱ्या पाखरांत यंदाचे एखादे पिल्लूही असू शकेल.